विरूपाक्षने हात काढला

गाडीवरून उतरला की विरूपाक्ष आधी मनगटावरचं घड्याळ काढतो आणि शर्टाच्या खिशात टाकतो. हेल्मेट नंतर.

मशीनला पहिला स्पर्श तळव्याने करत नाही. हाताची मागची बाजू टेकवतो. करंट असला तर हात झटकन मागे येतो, मूठ आवळली जात नाही.

काढलेले स्क्रू जमिनीवर ठेवत नाही. कुठल्या तरी डब्याचं झाकण मागून घेतो आणि त्यात ठेवतो.

फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नाही. ‘बोला, काय बंद पडलं?’ असं विचारतो. एकदा आईलाही हेच विचारलं. बसव्वा तिकडून म्हणाली, “तुझं डोकं.”

माणसांशी मराठीत बोलतो. मशीनशी कन्नडमध्ये.

तार सोडवली की तिच्यावर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी गुंडाळतो आणि पट्टीवर कन्नड आकडा लिहितो. शाळेत आकडे त्याच भाषेत शिकला. घाईत तेच हाताशी येतात.

बंद पडलेला कूलर चालू झाल्याशिवाय दुधाचा चहा घेत नाही. कुणी कितीही आग्रह करो.

या शेवटच्या सवयीला कारण आहे. तेव्हा मी तिथे होतो.

आम्ही दोघे उचगावात एका खोलीत राहतो. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि आता एका छापखान्याची प्रुफं तपासतो. काम नसेल त्या दिवशी त्याच्या मागे गाडीवर बसतो. तो मला मास्तर म्हणतो, मी अजून कुणाला काही शिकवलेलं नसताना. त्याचं गाव संकेश्वरच्या अलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आयटीआय गडहिंग्लजला केलं. मग उचगाव फाट्याजवळच्या एका एजन्सीत लागला.

ही एजन्सी गावोगावच्या दूध संस्थांचे कूलर सांभाळते. कूलर म्हणजे स्टीलची मोठी टाकी. सकाळ-संध्याकाळ गावातलं दूध संस्थेत येतं, तपासलं जातं, टाकीत ओतलं जातं आणि गार होतं. मग टँकर येऊन ते घेऊन जातो. टाकी बंद पडली की सगळ्या गावाचं दूध एकदम नासतं.

विरूपाक्ष एजन्सीचा नोकर नव्हता, कंत्राटावर होता. फेरीमागे मोबदला. रुजू होताना एका इंग्रजी कागदावर त्याने सही केली होती आणि नंतर तो कागद मला वाचायला दिला. मी मराठीत सांगितलं. एजन्सीच्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडे परस्पर दुरुस्तीचं काम करायचं नाही. एजन्सी सोडली तरी दोन वर्षं नाही.

तो म्हणाला, “म्हंजे लगीनच की मास्तर. काडीमोड झाली तरी दोन वर्षं दुसरीकडं बगायचं न्हाई.”

“सही करायच्या आधी विचारायचं होतंस.”

“आधी इचारलं असतं तर सही केली नसती. मग खाल्लं काय असतं?”

एजन्सीची पद्धत ठरलेली होती. संस्थेने ऑफिसात फोन करायचा. ऑफिस तक्रारीचा नंबर देणार. तो नंबर मेकॅनिकच्या मोबाइलवर आला की मेकॅनिक निघणार. नंबर नाही तर फेरी नाही.

चंदगडच्या पुढे डोंगरात एक महिला दूध संस्था आहे. तानाबाई तिच्या अध्यक्षा. साठीच्या घरातल्या, आवाज असा की टाकीतलं दूधसुद्धा हलावं. अनुजा सचिव. बी.कॉम. झालेली, लग्न होऊन त्या गावात आलेली, बोलणं कमी. दूध तपासणं, नोंदी, टँकर, सगळं ती बघते.

एका उन्हाळ्यात, रविवारी, तानाबाईंचा फोन आला. कूलर बंद.

विरूपाक्ष म्हणाला, “तानाक्का, ऑफिसात फोन करा. नंबर आला की निघतो.”

“ऑफिस बंद हाय की आज. तू ये.”

“नंबराशिवाय येता येत न्हाई.”

“दुधाला कुठं कळतंय रविवार हाय म्हणून?”

तो गेला नाही. दिवसभर खोलीत फेऱ्या मारत राहिला. सोमवारी नंबर आला तसे आम्ही निघालो.

पोचलो तेव्हा बायका संस्थेच्या मागच्या चरीत दूध ओतत होत्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. एकेक कॅन वाकवायचा, रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा. चर पांढरी झाली होती. दोन कुत्री तिच्या काठाने चालत होती, तोंड लावत नव्हती.

विरूपाक्षने कूलर उघडला. एक तार सैल झाली होती. हाताने घट्ट केली तसा कॉम्प्रेसर घरघरला. काम इतकंच होतं.

तानाबाई आत गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. कोरा चहा.

“आज दूध न्हाई पावणं,” त्या म्हणाल्या.

एरवी त्या त्याला ‘लेका’ म्हणायच्या. त्या दिवशी ‘पावणं’ म्हणाल्या. परतीच्या वाटेवर आंबोलीच्या फाट्याला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, “शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

त्यानंतर तो परस्पर जायला लागला.

लपूनछपून नाही, पण सांगूनही नाही. फोन आला की निघायचा. नंबर असला तर असला. चंदगडची ही संस्था, आजऱ्याकडच्या दोन, भुदरगडातली एक. संस्था देतील ते तो घ्यायचा, कारण पेट्रोल फुकट मिळत नाही आणि पोटही फुकट भरत नाही. पण फोनवर कधी दर सांगितला नाही. मी एकदा विचारलं, “एजन्सीला कळलं तर?”

“कळणार. कवा तरी कळणारच.”

“मग?”

“मग कळल्यावर बगू. दूध आत्ता नासतंय.”

त्या पावसाळ्यात चंदगड तालुका चार दिवस धुवून निघाला. रस्त्यावर झाडं पडली, एसट्या थांबल्या. मधल्या एका दिवशी तानाबाईंचा फोन आला. कूलरचा कॉन्टॅक्टर जळाला होता. कॉन्टॅक्टर म्हणजे कॉम्प्रेसरला वीज सोडणारा मुठीएवढा खटका. ऑफिसने नंबर दिला होता, पण ‘रस्ता सुरू झाल्यावर माणूस येईल’ असंही सांगितलं होतं. विरूपाक्षकडे नवा खटका नव्हता. त्याने कुणाच्या तरी जुन्या मशीनमधला काढून घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि निघाला. शेवटचा रस्ता गाडी ढकलत आणि नंतर गाडी सोडून चालत गेला. दूध वाचलं. त्या दिवशी मी सोबत नव्हतो. तो परत आला तेव्हा तापाने फणफणला होता. दोन दिवस झोपून होता. फोन वाजला की झोपेतच म्हणायचा, “बोला, काय बंद पडलं?”

जुना खटका फार दिवस टिकणार नव्हता. नवा मिळाल्यावर तो बसवायला आम्ही दोघे पुन्हा निघालो. पाऊस उघडला होता. भाताच्या खाचरांत पाणी चकाकत होतं.

गावाच्या एसटी थांब्यावर विरूपाक्षने एकदम ब्रेक दाबला. मी त्याच्या पाठीवर आपटलो.

थांब्याला लागून एक फ्लेक्स होता. चांगला दोन पुरुष उंच. त्यावर विरूपाक्ष. संस्थेच्या पायरीवर बसून भाकरी खातानाचा फोटो, घास तोंडाशी. मागे उगवता सूर्य आणि दोन कबुतरं. वर लिहिलं होतं, ‘भर पावसात जिवाची पर्वा न करता संस्थेचा कूलर दुरुस्त करून गावाचं दूध वाचवल्याबद्दल दूधरक्षक विरूपाक्षदादांचं हार्दिक हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या संचालक बायकांचे गोल गोल फोटो. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात, त्याचा मोबाइल नंबर. एजन्सीचं नाव कुठेच नव्हतं.

त्याने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला.

“घास तरी गिळू द्यायचा हुता,” तो म्हणाला.

तानाबाई संस्थेच्या दारात वाटच बघत होत्या. “बगितलास का? भाच्याचं दुकान हाय फ्लेक्सचं. कबुतरं त्येनं फुकट टाकली.”

“तानाक्का, नंबर कशाला टाकला?”

“आजूबाजूच्या गावांस्नी उपेग नको व्हय? सगळ्यांच्या स्टेटसला लावलाय. तुज्या लग्नाचं बी जमंल त्यातनं.”

अनुजाने मान खाली घातली. तिला विरूपाक्षच्या इंग्रजी कागदातली अट ठाऊक होती. तिने तानाबाईंना सांगितलंही होतं. तानाबाई म्हणाल्या होत्या, “चांगल्याला चांगलं म्हणायला कुणाची परवानगी लागती?”

विरूपाक्षने घड्याळ काढून खिशात टाकलं. टाकीत सकाळचं दूध होतं, गार होतं. अर्ध्या तासाचं काम. मेन स्विच पाडला, हाताची मागची बाजू टेकवून पाहिली, झाकण उघडलं. त्याची पद्धत एकेक तारेची. जुन्या खटक्यातली एक तार सोडवायची, पट्टी लावून आकडा घालायचा, नव्या खटक्यात बसवायची. मग पुढची. मशीनशी तो हळू आवाजात बोलत होता. तीन तारा झाल्या.

फोन वाजला. हात गुंतलेले होते म्हणून मी स्पीकर लावला.

“बोला, काय बंद पडलं?”

“तुझं कंत्राट,” पलीकडून अमरसिंह म्हणाले.

एजन्सीचे मालक. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“मालक, आलो की भेटतो. सगळं सांगतो.”

“कुठं हायस तू आत्ता?”

तो खोटं बोलू शकला असता. “कूलरफुडं हाय. चंदगडच्या. तीन तारा बसवल्यात, ऱ्हायलेल्या बसवतो आन् येतो.”

“एक तार न्हाई. हात काढ त्या मशीनमधनं.”

“दूध हाय टाकीत मालक. मशीन उघडं हाय.”

“उद्या माझा दुसरा माणूस येईल. तू आता हात लावलास, तर मी लिहून देणार, बाहेरच्या माणसानं मशीन खोललं म्हणून. मग मशीनची वॉरंटी गेली आणि त्या संस्थेचा देखभालीचा करारबी गेला. तुझ्यामुळं. समजलं?”

फोन बंद झाला.

दारात आता बऱ्याच बायका जमल्या होत्या. कुणाच्या तरी हातात किटली होती. तानाबाई फ्लेक्सच्या दिशेने बघत होत्या, मग जमिनीकडे.

स्वतःच्या कंत्राटाची भीती त्याला नव्हती. ते गेलं हे त्याला फ्लेक्स बघतानाच कळलं होतं. पण आता त्याने एक तार जरी लावली तरी भुर्दंड संस्थेवर पडणार होता. आणि नाही लावली तर उद्यापर्यंत चर पुन्हा पांढरी होणार होती.

त्याने हात बाहेर काढले. फडक्याला पुसले. दुधाचा एक कॅन उपडा घालून त्यावर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

मला वाटलं, हरला.

तो म्हणाला, “अनुजाताई, मशीन कुणाचं?”

“संस्थेचं.”

“संस्थेची सचिव कोण?”

“मी,” ती म्हणाली.

“आपल्या मशीनला आपुन हात लावायला कुणाचा कागद आडवा येतोय? ये हिकडं. आधी बांगड्या काढ.”

अनुजाने तानाबाईंकडे पाहिलं. तानाबाई म्हणाल्या, “काढ की गं! त्यो बाहेरचा, तू बाहेरची हायस व्हय?”

तिने बांगड्या काढल्या. स्विच खाली आहे ना, हे तिने स्वतः जाऊन बघितलं. मग हाताची मागची बाजू टेकवली. त्याने हे सांगितलं नव्हतं. तिने इतक्या वेळा बघितलं होतं.

“डावीकडनं चौथी तार. स्क्रू सैल कर. पुरा काढू नको. हां. आता वड.”

“निघत नाहीये.”

“निघती. जरा इकडं तिकडं कर. दाताचा डॉक्टर करतोय तसं.”

तार निघाली. ती पट्टीसाठी हात पुढे करून थांबली. टेपचं रीळ आणि पेन विरूपाक्षच्या शर्टाच्या खिशात होतं. त्याचा हात मांडीखालून सटकन बाहेर आला.

“ए! हात!” तानाबाई ओरडल्या. “मालकानं काय सांगितलंय?”

“टेप देतोय अक्का.”

“टेपबी न्हाई. तुज्या टेपवर कुणीतरी बोट ठिवायचं उद्या. घाल खाली.”

त्याने हात पुन्हा मांडीखाली घातला. सगळ्या बायका हसल्या. अनुजा नाही हसली. तिने कपाळावरची टिकली काढून तारेवर चिकटवली आणि तार नव्या खटक्यात बसवली. पुढच्या तारेला टिकली नव्हती. तपासणीच्या टेबलावर छोटा आरसा आहे, त्याच्या कडेला बायकांनी लावून ठेवलेल्या टिकल्या होत्या. कुणीतरी आरसाच उचलून आणला. एक हिरवी. एक मोठी लाल. एक खड्याची, तिचा खडा पडलेला.

विरूपाक्ष बोलत होता. घट्ट कर, अजून, आता पुरे. हात मांडीखाली वळवळत होते. एकदा अनुजाने चुकीच्या भोकात तार घातली. त्याचा चेहरा पिळवटला, पण तो म्हणाला, “परत बघ. बाजूच्या तारा बघ, मग सांग.” तिने बघितलं. स्वतःच काढली. स्वतःच बरोबर बसवली.

मी दारात उभा होतो. पुस्तकांत मी बरेच धाडसी लोक वाचले होते. हात मांडीखाली घालून बसलेला एकही आठवेना.

झाकण लागलं. स्विच वर गेला. खटका ‘खट’ म्हणाला आणि कॉम्प्रेसर घरघरला. सगळ्यांनी टाकीवरच्या, दुधाचं तापमान दाखवणाऱ्या छोट्या लाल आकड्यांकडे बघितलं. आकडा आधी थांबला, मग उतरायला लागला.

तानाबाईंनी चहा आणला. दुधाचा. त्याने हात मांडीखालून काढले तेव्हा बोटं बधिर झाली होती. त्याला कप धरता येईना. त्यांनी बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला.

“माजंच चुकलं लेका,” त्या म्हणाल्या. “तुला मोठं करायला गेलो आन् तुजं कामच घालिवलं.”

“फोटो तेवढा बरा निवडायचा हुता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एजन्सीत गेला. अवजारांची पिशवी एजन्सीची होती, ती पुसून घेतली होती. मी सोबत होतो. अमरसिंह रागात नव्हते, दुखावले होते. ते म्हणाले, “आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आलतास तवा तुला स्क्रू कसा धरायचा ठाव न्हवतं. मी शिकवलं. माझ्या गिऱ्हाइकांच्या दारात मी तुला उभा केला.”

“व्हय मालक. त्येला कुठं न्हाई म्हणतोय.”

“मग लिहून दे. संस्थेच्या बायकांनी गळ घातली, तू भुललास. मी त्यांच्याशी बोलून घेतो. तू उद्यापासनं परत ये.”

हे औदार्य होतं. मला अजूनही तसंच वाटतं. विरूपाक्षने पिशवी टेबलावर ठेवली.

“त्यांनी बोलावलं, मी गेलो. माझ्या पायानं गेलो. सही बी माजीच आन् मोडली बी मीच. त्यांचं नाव कशाला घालू?”

अमरसिंहांनी पिशवी ओढून घेतली. “मग दोन वर्षं. माझ्या कुठल्याच संस्थेच्या मशीनला हात न्हाई लावायचा.”

“न्हाई लावत,” तो म्हणाला. आणि त्याने तो शब्द पाळला.

बाहेर आल्यावर गाडीला किक मारत त्याने मला विचारलं, “मास्तर, त्या कागदात दुरुस्तीचं लिवलंय. शिकवायचं काय लिवलंय काय?”

मी खोलीवर जाऊन कागद पुन्हा वाचला. शिकवण्याबद्दल काही नव्हतं.

एजन्सीचा दुसरा माणूस त्याच दिवशी चंदगडला पोचला होता. कूलर चालू बघून त्याने विचारलं, “कुणी केलं?” तानाबाईंनी अनुजाकडे बोट दाखवलं. “हिला कुणी शिकवलं?” तानाबाई म्हणाल्या, “एक बोलका पावणा आलता. हात न्हाई लावला त्येनं, बसून हुता.”

आता विरूपाक्ष उचगावात फ्रीज दुरुस्त करतो. हॉटेलांचे, आईस्क्रीमवाल्यांचे, एका दवाखान्याचा. रविवारी संस्थांमध्ये जातो. उपड्या कॅनवर बसतो. समोर सचिव, कधी संचालक बायका, कधी एखादा टँकरचा ड्रायव्हर. तो बोलतो, ते करतात. हात मांडीखाली. आजऱ्याकडच्या एका संस्थेने त्याच्यासाठी खास स्टूल केलं. तो त्यावर बसत नाही. म्हणतो, कॅनवर हात बरे दबतात.

फ्लेक्स तानाबाईंनी उतरवला. आता तो त्यांच्या गोठ्यामागे भाताच्या पेंढ्यावर उपडा घातलेला आहे. मागच्या खेपेला त्या विरूपाक्षला म्हणाल्या, “तुजी पाट भिजती तेवढी. तोंड कोरडं हाय.”

त्याच खेपेला अनुजाने साफसफाईसाठी कूलरचं झाकण उघडलं होतं. मी डोकावून पाहिलं. पहिल्या तीन तारांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांवर त्याच्या हातचे कन्नड आकडे. एक, दोन, तीन. चौथ्या तारेपासून टिकल्या.

विरूपाक्ष कॅनवरून मान लांब करून बघत होता. “चार नंबर ऱ्हायलाय माजा,” तो म्हणाला. “मुदत संपली की घालतो.”

अनुजाने झाकण लावलं. खिशातलं टेपचं रीळ त्याने बाहेरून चाचपलं आणि हात परत मांडीखाली घातला.